ऑनर स्काहिलची पिसांची गादी

आमच्या कॅरोबान वाडीवर सकाळी तळ्यावरून धुकं चढतं तेव्हा घरं नाहीशी होतात आणि आवाज तेवढे उरतात. कुणाच्या बादलीची कडी, कुणाचा खोकला, कुणाची कोंबड्यांना हाक. अंथरुणात पडून ते ऐकत राहायची मला लहानपणापासूनची खोड. आई म्हणायची, "अ‍ॅट्रॅक्टाच्या डोक्यातसुद्धा धुकंच आहे." असेल. पण त्या धुक्यातून शेजारच्या स्काहिलांच्या घरातलं जे मी वर्षानुवर्षं ऐकलं, ते शहाण्या डोक्याला झेपलं नसतं.

"मेजर, तुझ्या मालकाला सांग, चहा ओतलाय."

"मेजर, तुझ्या मालकिणीला सांग, मला दिसतोय."

"मेजर, त्याला म्हणावं, दिसतोय तर मग ढिम्म बसून का राहिलाय?"

"मेजर, तिला म्हणावं, बूट काढतोय. माणसाला दोनच हात असतात."

मेजर म्हणजे कुत्रा. ऑनर स्काहिल आणि तिचा थोरला भाऊ कोलमन एका छपराखाली राहायचे, एका किटलीतला चहा प्यायचे, आणि १९४१ च्या फेब्रुवारीपासून एकमेकांशी बोलत नव्हते. नवराबायकोचा चार दिवसांचा रुसवा वेगळा. हा अबोला आमच्या बांधांसारखा दगडाचा होता. पण शेतावरची कामं अबोल्यासाठी थांबत नाहीत. गाय व्यायला टेकली हे सांगावंच लागतं, पीठ संपलं हेही सांगावं लागतं. म्हणून मध्ये कुत्रा. एकामागून एक तीन कुत्रे झाले आणि तिघांचंही नाव मेजर ठेवलं, नाहीतर चालू बोलण्यात खंड पडला असता.

ऑनर म्हणजे हाडापेरानं मोठी, चालायला भरभर, आणि बोलायला लागली की समोरच्यानं टोपी सांभाळावी अशी. तिच्या हातचा ताकातला पाव वाडीत कुणाला जमला नाही. मी विचारलं की सांगायची, "पीठ घे, ताक घे, आणि गप्प बस. तुझा पाव बडबडीनं बसतो." हंस पाळायची. पाहुणा आवडला नाही तर ते त्याच्या अंगावर सोडायची आणि वर म्हणायची, "बाई, यांना माणसं ओळखता येतात." अशी ही हसरी-बोचरी बाई. पण तिच्या स्वयंपाकघराला तळ्याकडे उघडणारी एक खिडकी होती, तिच्यावर तिनं पोतं ठोकून ठेवलं होतं. सगळी वाडी त्या तळ्यावर जीव टाकते. संध्याकाळी पाणी दुधासारखं होतं आणि पलीकडचे डोंगर त्यात उलटे झोपतात. ऑनरनं ते चोवीस वर्षं पाहिलं नाही. पलीकडच्या काठावर डर्कनांचं घर होतं.

आता मुळापासून सांगते.

स्काहिलांची तीन मुलं. कोलमन, मधला डॉमिनिक, आणि ऑनर. बाप लवकर गेला, घर आईच्या मुठीत. सेलिया स्काहिल. देवळात पहिल्या बाकावर बसायची आणि मागे न वळता तिला कोण उशिरा आलं ते कळायचं. डॉमिनिक १९३९ च्या हिवाळ्यात गेला, सव्वीस वर्षांचा. तेव्हा ऑनर डब्लिनला एका घरात कामाला होती. तिला कळवलं, मूत्रपिंडाचं दुखणं. वाडीलाही तेच सांगितलं. वाडीनं मान हलवली.

पुढे ऑनर घरी आली आणि तिचं जमलं. फिंटन डर्कन, तळ्यापलीकडचा. देखणा नव्हता, कान तर असे की वाऱ्याच्या दिवशी धरून ठेवावेत. पण तो तिच्याकडे पाहायला लागला की बोलता बोलता वाक्य विसरायचा. मी स्वतः पाहिलंय. जत्रेत तिनं त्याला विचारलं, "काय रे, काय म्हणत होतास?" आणि तो म्हणाला, "काही नाही. तू आहेस ना, मग झालं." ऑनर लाजली. ऑनर! तो दिवस मला अजून जागेपणी स्वप्नासारखा दिसतो.

आमच्याकडे लग्नं उपवासकाळ लागायच्या आत उरकायची. राखेचा बुधवार उलटला की ईस्टरपर्यंत काही नाही, आणि तेवढ्या आठवड्यांत पुष्कळ माणसांची मनं फिरतात. ठरलं होतं ते असं: मुलीबरोबर दोन कालवडी आणि पिसांची गादी. ही गादी म्हणजे स्काहिलांची शान. सेलियानं सतरा वर्षं हंसांची पिसं साठवून ती भरली होती. उन्हाच्या दिवशी ती कुंपणावर टाकायची तेव्हा रस्त्यानं जाणारी बाई थांबून हात लावून जायची. पिसांच्या गादीशिवाय मुलगी पाठवायची म्हणजे तिला अनवाणी पाठवल्यासारखं.

लग्नाच्या आदल्या दिवशी डर्कनांची गाडी गादी न्यायला निघाली. तळ्याच्या कडेकडेनं येणारा घोडा मला आमच्या दारातून दिसत होता. आणि त्याच वेळी स्काहिलांच्या गंजीमागून धूर उठला. कोलमननं गादी ओढत बाहेर आणली होती, तिच्यावर रॉकेल ओतलं होतं आणि काडी लावली होती.

पिसं पेट घेत नाहीत, कुढत जळतात. केस जळाल्याचा वास साऱ्या वाडीत भरला. जी पिसं जळली नाहीत ती वर उठली आणि तळ्यावर गेली, हळूहळू, बर्फ पडावा तशी. फक्त आभाळ निळं होतं. मी तोंड उघडं टाकून पाहत राहिले. मला ते सुंदर वाटलं, देवा क्षमा कर.

आणि गादी दिवसाढवळ्या जाळणं याचा अर्थ आमच्याकडे पोरासोरालाही ठाऊक. त्या घरात क्षय आहे. नाव कुणी घेत नसे, "तो आजार" म्हणत. तो ज्या घरात शिरला त्या घरात कुणी मुलगी देत नसे आणि तिथली करत नसे. गाडी रस्त्यातच थांबली. फिंटनचा बाप धुराकडे बघत उभा राहिला, मग त्यानं घोड्याचं तोंड वळवलं. बुधवार आला, कपाळाला राख लागली, संपलं. फिंटननं दोन वर्षांनी दुसरीकडे लग्न केलं. सात मुलं झाली.

ऑनर त्या दिवशी गंजीमागे धावली तेव्हा सेलियानं तिला दंडाला धरून आत नेलं. म्हणाली, "या घरात आजारबिजार कधी नव्हता. डॉमिनिकला मूत्रपिंडाचं होतं, मी आई आहे, मला माहीत. तुझ्या भावाला फुकटची स्वयंपाकीण हवी आहे, म्हणून त्यानं हे केलं." हे ऑनरनंच मला सांगितलं, एकदा नाही, शंभरदा. कोलमन दारातच उभा होता आणि एक अक्षर बोलला नाही. म्हणजे खरंच. त्या दिवसापासून अबोला.

अर्ध्या वाडीला वाटायचं घरात आजार होता, अर्ध्या वाडीला वाटायचं कोलमन नीच आहे. मीही दुसऱ्या अर्ध्यात होते. रस्त्यात त्यानं टोपी उचलून नमस्कार केला तरी मी उत्तर देत नसे.

मग १९५० साली माझी आई, बिना, शेवटच्या आजारात पडली. वाडीत कुणी गेलं की शेवटची आंघोळ आईच घालायची. त्या कामाचा एक नियम आहे: आंघोळ घालणारीनं जे पाहिलं ते तिच्याबरोबर मातीत जायचं. कुणाच्या पाठीवर वळ, कुणाच्या पोटावर टाके, काही असो. आईनं आयुष्यभर पाळला. पण मरताना एक गोष्ट तिला गिळता येईना. तिनं मला जवळ बोलावलं.

"डॉमिनिकला मी आंघोळ घातली," ती म्हणाली. "उशी रक्तानं भरली होती, अ‍ॅट्रॅक्टा. गादीही. तो आजारच होता. मी सेलियाला म्हटलं, ही गादी आजच जाळ. तर म्हणते, जाळली तर धूर चार वाड्यांत दिसेल. माझी मुलगी कोण करील? अभ्रा धुतला, गादी पालथी घातली, आणि कोलमनला प्रेतासमोर उभं करून डॉमिनिकची जपमाळ त्याच्या हातात दिली. आजाराचं नाव तोंडातून काढायचं नाही, कुणापाशी नाही, बहिणीपाशी तर नाहीच. त्यानं शब्द दिला. पुढे सेलिया तीच गादी ऑनरबरोबर द्यायला निघाली. त्यावर ती निजणार, तिची पोरं निजणार. तो आईच्या हातापाया पडला, ती ऐकेना. शब्द काढायचा नाही म्हणून वचन दिलं होतं त्यानं. काडी ओढायची नाही असं कुठे म्हटलं होतं?"

"मग तू का बोलली नाहीस?" मी विचारलं.

"तुझीही बोलणी चालली होती तेव्हा," ती म्हणाली. "त्या आजाराच्या प्रेताला हात लावलेल्या बाईची मुलगी कुणी केली असती?"

तर माझा भला नवरा आणि माझी चार मुलं त्या गप्प बसण्यातून मिळालेली आहेत. हे मी कुणाला सांगणार होते? आई गेली. तीन वर्षांनी सेलियाही गेली, पहिल्या बाकावरचीच ताठ मान घेऊन. आणि मी गप्प. आज बोलू, उद्या बोलू, आता बोलून काय होणार. एक केलं, कोलमनच्या टोपीला मान हलवून उत्तर द्यायला लागले. मोठी मेहरबानी! स्वतःचाच राग येतो मला अजून.

दिवस तसेच तळ्यावरून गेले. मग १९६५ उजाडलं आणि उपवासकाळात तिसरा मेजर मेला, म्हातारा होऊन, चुलीसमोर, दोघांच्या मधोमध.

आणि ते घर मुकं झालं. मी सकाळी अंथरुणात कान देऊन पडायची, पण किटली आदळायची, दार लागायचं, बूट वाजायचे, मधे काही नाही. एकदा ऑनर चहा ओतून अंगणात आली आणि रिकाम्या अंगणाला म्हणाली, "चहा." मग स्वतःशीच संतापून आत गेली.

त्याच आठवड्यात दुसरं झालं. आमच्याकडे वर्षातून दोनदा वाडीतल्या एका घरात मिस्सा, म्हणजे फादरची वेदीवरची प्रार्थना, होते, पाळीपाळीनं. ज्याची पाळी त्यानं घराला चुना लावायचा, दारं रंगवायची, साऱ्या वाडीनं तिथे गुडघे टेकायचे, मग न्याहारी. स्काहिलांची पाळी आली की जुने फादर हळूच पुढचं नाव वाचायचे. जिथे दोन माणसं बोलत नाहीत तिथे वेदी कशी मांडायची? पण आता नवे फादर कॉनवे आले होते, तरुण, चष्मेवाले, कुणाला काही न विचारणारे. त्यांनी यादीतलं जे नाव पुढे होतं ते वाचलं. "मेच्या दुसऱ्या शनिवारी, स्काहिल यांच्याकडे." देवळात एकदम खोकल्यांची साथ आली. कोलमन मागच्या भिंतीपाशी, ऑनर डाव्या बाजूला. दोघंही समोर बघत होती.

मिस्सेच्या आठवड्याच्या सुरुवातीला कोलमननं मला बांधावरून हाक मारली. टोपी हातात.

"अ‍ॅट्रॅक्टा, एक काम होतं."

"बोल की."

"मी सरकारी वृद्धाश्रमात अर्ज दिला होता. खाट मिळाली. मिस्सा झाली की सोमवारी गाडी येणार."

आमच्या म्हाताऱ्या त्या जागेला अजून कंगालघर म्हणतात. दुष्काळात माणसं तिथे मरायला जायची. जमीन असलेला, धडधाकट माणूस आपणहून तिथे जातो हे मी ऐकलं नव्हतं.

"तुला वेड लागलंय का? नवा कुत्रा आण!"

"मी त्रेसष्टचा झालो. कुत्र्याला घर कळायला चार वर्षं लागतात." तो तळ्याकडे बघत म्हणाला. "आणि मेजर असताना निदान आवाज असायचा. आता ती समोर बसते आणि मी चोरासारखा घास गिळतो. तिचं घर आहे ते. तिनंच सांभाळलं. तिला मोकळं राहू दे."

"मग आजच का नाही जात?"

"मिस्सेची टेबलं कोण उचलणार? तिची कंबर दुखते." मग म्हणाला, "तिला सांगशील? मी जातोय म्हणून."

"म्हणजे आता मेजर मी!"

तो हसला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या माणसाचे दात मी कधी पाहिलेच नव्हते.

मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी चुना लावायला मदत म्हणून गेले. ऑनर पश्चिमेच्या खोलीत होती, जिथे डॉमिनिक गेला. मिस्सेच्या दिवशी फादर तिथे बसून पापकबुली ऐकणार होते. दोघी दोन भिंतींना लागलो. ओल्या चुन्याचा गार वास, बाहेर कोकीळ, आणि आमचे कुंचले. मला वाटलं असंच आयुष्यभर करत राहावं आणि काही बोलू नये.

"कोलमन सोमवारी वृद्धाश्रमात चाललाय," मी म्हटलं.

तिचा कुंचला थांबला. मग पुन्हा सुरू झाला, जोरात.

"जाऊ दे."

"ऑनर."

"जाऊ दे म्हटलं ना! ज्यानं माझं घर बसायच्या आत जाळलं, त्याच्यासाठी मी रडू? चोवीस वर्षं बटाटे उकडून घातले, हेच फार झालं. आता स्वयंपाकीण नको झाली वाटतं साहेबांना."

"त्यानं गादी तुझ्यासाठी जाळली," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं, आणि मग थांबता येईना. उशी सांगितली. रक्त सांगितलं. जपमाळ, वचन, सेलिया, माझी आई, सगळं. माझी बोलणी चालली होती हेही सांगितलं, ते सांगताना भिंतीकडे तोंड केलं.

ऑनर भिंत लावत राहिली. वरून खाली, वरून खाली, कोपऱ्यापर्यंत. कोपरा झाला तेव्हा तिनं कुंचला बादलीत सोडला.

"तुला कधीपासून ठाऊक?"

"पंधरा वर्षं."

"पंधरा वर्षं," ती म्हणाली. "आणि दर गुरुवारी माझ्याकडे अंडी न्यायला येतेस. बसतेस. माझ्या तोंडून त्याला शिव्या ऐकतेस. पाव छान झालाय म्हणतेस."

मी कुंचला बादलीच्या काठावर ठेवला.

"नीघ इथून."

मी निघाले. पुढे सव्वा वर्ष ती माझ्याशी बोलली नाही, आणि मी कुत्रा आणून दिला असता तरी बोलली नसती. ते माझ्या कर्माचं होतं, मी भोगलं. पण तेव्हा मला माझं काही वाटत नव्हतं. मिस्सेला तीन दिवस उरले होते आणि सोमवारला पाच, आणि शेजारच्या घरातून एक शब्द ऐकू येत नव्हता. मी मनात म्हणायची, आता म्हणेल, आता. किटली आदळायची. दार लागायचं.

शनिवार लख्ख उजाडला. झाडून सारी वाडी आली, बूट चकचकीत, पोरांचे केस पाण्यानं चापून बसवलेले. कप-बशा कुणाकडेच पुरेशा नसतात, म्हणून घराघरातून आणायच्या. माझे निळ्या काठाचे बारा कप आदल्या दिवशी मुलीच्या हातून पाठवले होते. स्वयंपाकघराचं टेबल चार विटांवर चढवून वेदी केली होती. कोलमननंच चढवलं. त्या वर्षी पहिल्यांदाच मिस्सा लॅटिनऐवजी कळेल अशा भाषेत होती, त्यामुळे म्हाताऱ्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं.

आधी पापकबुली. एकेक जण पश्चिमेच्या खोलीत जायचा आणि दोन मिनिटांत बाहेर. आमच्या वाडीत पापं करायलाही सवड नसते. ऑनर आत गेली आणि बाहेर येईना. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. चुलीवरची अंडी उकळून टणक झाली. कोलमन दाराबाहेर, चुना लावलेल्या भिंतीला न टेकता उभा होता, नवा कोट खराब होईल म्हणून. तो कोट त्यानं सोमवारसाठी शिवून घेतला होता.

ऑनर बाहेर आली. डोळे कोरडे. डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि पहिल्या रांगेत गुडघे टेकले. मिस्सा झाली. प्रसाद घ्यायला कोलमन उठला, ऑनर उठली नाही. सगळ्यांनी पाहिलं. मी समजून गेले की फादरनी घातलेली अट तिनं पुरी केलेली नाही. अबोला सोडल्याशिवाय प्रसाद नाही म्हणाले असणार, आणि तिनं सोडलेला नाही. गेला हा माणूस, मला वाटलं, आणि मी उगाच तिची मेलेली आईही तिच्यापासून काढून घेतली.

न्याहारी झाली. फादरना इवल्याशा चमच्यानं टणक अंडं खाताना बघून पोरं फिदीफिदी हसली. वाडी पांगली. बायकांनी आपापले कप उचलले. माझे तेवढे राहिले, कारण मी आत जायला धजत नव्हते. शेवटी टोपली घेऊन मागच्या दारी गेले. दार उघडं होतं. कोलमन वेदीचं टेबल विटांवरून उतरवत होता, ऑनर चुलीकडे पाठ करून उभी होती.

"कोलमन," ती म्हणाली.

तो टेबल अर्धं उचललेलं धरून थांबला. मागे वळून पाहिलं, आणखी कुणी कोलमन आलाय का म्हणून.

"गादी माझ्यासाठी जाळलीस?"

त्यानं टेबल खाली ठेवलं. "कुणी सांगितलं?"

"ते मरू दे. हो की नाही?"

"आईला शब्द दिला होता."

"आईला जाऊन बारा वर्षं झाली."

"ती गेली," तो म्हणाला. "शब्द कुठे गेला?" आवाज इतका बारीक, मला कान द्यावा लागला.

"तिनं मला त्या दिवशी तुझ्याबद्दल काय सांगितलं ते ऐकलं होतंस?"

"दारातच होतो."

"आणि तोंडात मिठाची गुळणी धरून उभा राहिलास!"

"तुला काय वाटलं असतं, ऑनर? तुझं लग्न मोडलं होतं. वर आईही गेली असती मनातून. भाऊ काय, वाईट निघाला तर निघाला."

ऑनरनं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. मला वाटलं ती आता रडणार. ती रडली नाही, ती ओरडली. एवढ्या मोठ्यानं की अंगणातले हंस उडाले.

"अरे मूर्खा! नुसतं म्हणायचं होतंस, गादी नेऊ नकोस! आजाराचं नावही घ्यायला नको होतं. ऑनर, गादी नेऊ नकोस, एवढं! मी गवतावर निजले असते. त्या माणसाबरोबर नुसत्या फरशीवर निजले असते मी! कोलमन, मी गादीशिवाय गेले असते!"

पोतं लावलेल्या खिडकीच्या फटीतून उन्हाची एक रेघ टेबलावर पडली होती, तिच्यात धूळ हळूहळू फिरत होती. कोलमन त्या रेघेकडे बघत होता. त्याचं तोंड उघडं होतं. एखाद्या माणसाला आपलंच घर पहिल्यांदा दिसावं तसा तो बघत होता.

"हे मला सुचलंच नाही," तो म्हणाला.

"काय?"

"सुचलं नाही. आई म्हणत होती, गादीशिवाय मुलगी जाणार कशी, नाक कापलं जाईल. मला वाटलं तसंच असतं. गादी आहे तर लग्न आहे, गादी नाही तर... रोज विचार केला मी, ऑनर. चोवीस वर्षं. दुसरं काय करायला हवं होतं म्हणून. हे एकदाही सुचलं नाही."

तो बाकावर बसला, नव्या कोटाच्या बाहीत तोंड खुपसलं, आणि त्याचे खांदे हलू लागले.

ऑनर त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग तिनं किटली चुलीवर ठेवली, दुसरा बाक ओढला आणि त्याच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली.

"सोमवारी तू कुठेही जायचं नाहीस," ती म्हणाली. "मला तुझ्याशी चोवीस वर्षांचं भांडायचंय. ते काय मी भिंतींशी भांडू? वर बघ. रडतोस काय? आधी उत्तर दे. दारात उभा होतास तेव्हा माझ्याकडे एकदा तरी पाहिलंस का?"

"पाहिलं," तो बाहीतूनच म्हणाला. "तू खिडकीशी होतीस."

"खोटं. मी चुलीशी होते."

"खिडकीशी होतीस, ऑनर. मला पक्कं आठवतंय."

"चुलीशी!"

मी टोपली पायरीवर ठेवली आणि कप तिथेच सोडून घरी आले.